शटरवरची सोनचिरैया

दौलतगंजात माझं तराजूंचं दुकान.
आता सगळे इलेक्ट्रॉनिक काटे,
पितळी पारडी मागच्या खोलीत, पोत्यात.
फाळक्यांची केतकी आली तेव्हा मी उधारीच्या वहीत होतो.
म्हणाली, काका, तुमचं शटर हवंय.
मी म्हटलं, आणि दुकान?
दुकान नको. दुकान बंद असतं
तेव्हाचं शटर हवंय.

अख्खा रस्ता तिनं असा मागून ठेवलेला.
चपलांच्या दुकानावर गिधाड,
होमिओपॅथीवर खवल्या मांजर,
मिठाईवाल्यानं चंबळची सुसर घेतली
आणि जबडा जरा मिटता ठेव म्हणाला, गिऱ्हाईक बिचकतं.
माझ्या वाट्याला सोनचिरैया.
आई तिला माळढोक म्हणायची,
पण आई जन्मली लष्करात, वाढली लष्करात,
तिनं ना माळ पाहिला, ना ढोक.
मी विचारलं ते धंद्याच्या सवयीनं:
वजन किती?

उत्तर घाटीगावाहून आलं.
पातीराम गुर्जर, वनखात्यातून निवृत्त,
केतकीच्या स्कूटरवर मागे, गळ्यात मफलर, एप्रिलमध्ये.
नर पंधरा किलो, म्हणाला. मादी निम्म्याहून कमी.
आणि एवढं ओझं घेऊन उडते, साहेब.
मग खडूच्या रेषांपुढे उभा राहिला
आणि शाळामास्तरासारख्या चुका काढत गेला.
पाय आखूड झाले.
मान ताठ, पण गर्वाची नाही, धास्तीची.
डोळा बाजूला घ्या, तिला समोरचं नीट दिसत नाही.
म्हणून तर तारा.
काय? केतकीनं विचारलं.
विजेच्या तारा, म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.
केतकीनं पाय पुसले, पुन्हा काढले.

रंग वाळला त्या रात्री
शटर मीच ओढलं.
आधी पाय उतरले,
मग पंख, वाळल्या गवताच्या रंगाचे,
मग ती लांब फिकट मान,
पट्टीपट्टीनं, खडखडत,
अगदी शेवटी डोक्यावरची काळी टोपी.
वळून बघतो तर पातीराम
पलीकडच्या फुटपाथवर उकिडवा बसलेला.
एक हात मागे, पंजा पसरून:
थांबा.
धीमे, म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.
कुल्फीवाल्यानं घंटा मुठीत धरली.
एका पोरानं मोटरसायकल बंद केली आणि
तशीच पायांनी रेटत नेली.
किती वेळ, ते सांगता येत नाही.
मी मापाचा माणूस, तरी नाही.

केतकीनं त्या रात्रीचा फोटो काढला नाही.
कॅमेरा गळ्यातच होता.
दुसऱ्या दिवशी पातीरामबरोबर घाटीगावला गेली
आणि त्यानं शेवटची पाहिली होती
त्या जागेचा काढला.
गवत. एक बाभूळ. वरून चार तारा.
तो आता माझ्या गल्ल्यामागे टांगलाय.
गिऱ्हाइकं विचारतात, प्लॉट विकायचाय का?
एकानं तर भावही केला.
मी सांगतो, हा तिचा फोटो आहे.
ती कुठाय? विचारतात.
मी काट्यावर त्यांची कोथिंबीर ठेवून दाखवतो,
शंभर ग्रॅमचे दोन कमी, बघा, किती बारीक धरतो.

सकाळी कुलूप काढतो.
शटर वर ढकललं की आधी टोपी जाते,
मग डोळा, तो बाजूचा,
मग मान आत गुंडाळली जाते
वरच्या अंधाऱ्या नळकांड्यात.
कंबरेशी आल्यावर हल्ली माझा हात थांबतो.
फक्त दोन पाय राहिलेले असतात,
उंबऱ्यापासून हातभर वर,
पातीरामनं उंच करून घेतलेले.
रस्ता झाडला जातो. चहा येतो.
पहिलं गिऱ्हाईक शटर वाजवतं,
अहो, पूर्ण उघडा की.
जरा वाकून या, म्हणतो मी.
जरा वाकून.